चिचुंद्रीचा दाखला

कोपरखैरण्याच्या कोयनाछाया सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव सुपनेकर यांनी आयुष्यात एकच जनावर जवळून पाहिलं होतं, आणि ते म्हणजे सोसायटीचा चेअरमन. तोही त्या दिवसांत मुलाकडे नाशिकला गेला होता. त्यामुळे चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरात सुरतेहून प्लेगच्या बातम्या येऊ लागल्या आणि मार्केटातल्या हमालांपासून कॉलेजातल्या पोरींपर्यंत सगळे नाकाला रुमाल बांधून हिंडू लागले, तेव्हा तळमजला धरून चार मजले आणि त्यांतली सोळा कुटुंबं यांचा भार एकट्या हौसेरावांवर येऊन पडला. हौसेराव वाशीच्या मसाला मार्केटात एका पेढीवर कारकून होते. पेढीवर त्यांचं कुणी ऐकत नसे. सोसायटीतही ऐकत नसत, पण सोसायटीत निदान नोटीस बोर्डाची किल्ली त्यांच्याकडे होती.

आठवडाभरात त्यांनी तीन नोटिसा लावल्या. पहिली, प्रत्येक सभासदाने कापराची पुरचुंडी गळ्यात बाळगावी. दुसरी, उंदीर आढळल्यास सेक्रेटरीस कळवावे, परस्पर निर्णय घेऊ नये. तिसरी, इमारतीशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गवत माजले असून तेथे कोणत्याही सभासदाने अथवा त्याच्या कुटुंबीयांनी पाऊलही ठेवू नये. खाली 'हुकमावरून' असं लिहून त्यांनी दोन रेघा मारल्या. हा हुकूम कुणाचा हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्या शब्दाने कागदाला वजन येतं असा त्यांचा अनुभव होता.

घरात मात्र त्यांच्या जिवाला निराळाच घोर लागला होता. पाटणच्या पलीकडच्या गावाहून त्यांची आई, बाळाबाई, गणपतीला आली होती. सहा वर्षांपूर्वी हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेताना हौसेरावांनी मुद्दाम एक खोली 'आईची' म्हणून ठेवली होती. सहा वर्षं त्या खोलीत सायकल आणि गव्हाचा डबा राहत होता, कारण बाळाबाईला दर खेपेस काहीतरी निघायचं. कधी म्हैस व्यायची, कधी भिंत पडायची. यंदा म्हैस विकली आणि म्हातारी एकदाची आली. सत्तरीची बाई गावात एकटी, रात्री-अपरात्री पाणी द्यायला कुणी नाही, या विचाराने हौसेरावांना झोप लागत नसे. तिने आता कायमचं इथेच राहावं एवढंच त्यांना हवं होतं. बाळाबाई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. दिवसभर गॅलरीची जाळी धरून खाली बघत बसायची आणि दिवेलागणीला विचारायची, "हौसू, पाटणची गाडी किती वाजता सुटती रं?"

तिचं एक ठरलेलं होतं. नवरात्राचे घट जिथे बसवायचे, तिथे तिचा मुक्काम. आणि घट बसायला दहा-बारा दिवस उरले होते.

"इथंच बसव की आई," हौसेराव म्हणाले.

"माती कुठाय हितं?"

हौसेराव त्याच संध्याकाळी नर्सरीतून मातीची पिशवी घेऊन आले. बाळाबाईने चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. "पिशवीतली माती? हिच्यात काय उगवायचं, पिशव्या?" असं म्हणून तिने ती पिशवी सायकलला टेकवून ठेवली.

आणि पितृपंधरवड्यातल्या एका सकाळी, दूध आणायला म्हणून हौसेरावांच्या पत्नीने, सरोजिनीने, दार उघडलं आणि किंकाळी फोडली. जिन्याच्या चौकात एक करडं, लांब नाकाचं, शेपूट ताणलेलं काहीतरी मरून पडलं होतं. तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊन हौसेराव धावले. समोरच्या तीन दारांच्या कड्या आतून वाजल्या, पण त्या उघडण्याच्या नव्हत्या, लावून घेण्याच्या होत्या. सगळ्यात शेवटी बाळाबाई आली. तिने नाकाला पदर लावला, क्षणभर खाली पाहिलं, आणि साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "उंदीर पडला!"

आता हे दोन शब्द तुम्हाआम्हाला काहीच सांगत नाहीत. बाळाबाईच्या लहानपणी मात्र गावात उंदीर पडला की दुपारच्या आत गाव मोकळं व्हायचं. दारांना कुलपं, भांडीकुंडी डोक्यावर, आणि सगळं गाव माळावर. कडब्याच्या झोपड्यांतून दोन-दोन महिने राहायचे लोक.

"उंदीर पडला म्हंजे उंबरा सोडायचा," बाळाबाईने सांगितलं. "इचारत बसायचं नसतं."

"अगं आई, हे कोपरखैरणं आहे. इथं माळ कुठून आणू?"

बाळाबाईने गॅलरीतून बोट दाखवलं. खाली तिसऱ्या नोटिशीतला प्लॉट उन्हात पसरला होता. "त्यो काय. न्हाईतर तुमी ऱ्हावा खुशाल. मी पाटणची गाडी धरते."

प्लॉट की पाटण, असा सरळ सवाल होता. हौसेरावांनी मुकाट्याने गाद्या गुंडाळायला घेतल्या.

सेक्रेटरी बोचकी घेऊन जिना उतरतोय हे पाहिल्यावर इमारत गप्प बसणं शक्यच नव्हतं. पहिल्या मजल्यावरचे सुभाष धुमाळ रोज तीन पेपर वाचत आणि तिन्हींतली भीती एकत्र करून लोकांना वाटत. ते म्हणाले, "सेक्रेटरी, टेन्शन नाय घ्यायचं. काय होत नाय. पण समजा झालं तर?" दुपारी ते स्वतःच फोल्डिंगची खाट घेऊन प्लॉटवर आले. तळमजल्यावरचे अय्युब मुकादम मूळचे उरणकडचे, त्यांचा मांडवाचा धंदा. त्यांनी कुणी न सांगता बांबू आणले. "गणपतीचा मांडव सुटलाय, ताडपत्री पडूनच हाय. तुमची आई ती आमची आई," म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत कोयनाछायेपेक्षा मजबूत असं छप्पर उभं राहिलं. त्यांच्या बायकोने, जैनबने, तीन विटा मांडून दिल्या. बाळाबाईने त्यावर चूल पेटवली.

तिसऱ्या दिवशी प्लॉटवर अकरा कुटुंबं होती. ती प्लेगच्या भीतीने आली की जैनबच्या तांदळाच्या भाकरीच्या वासाने, हे सांगणं अवघड आहे. अर्थात संसार सोडून माळावर जायचं म्हणजे मध्यमवर्गीयांनी ते आपल्या पद्धतीनेच केलं. नळाला पाणी यायच्या वेळी सगळे वर जात, मालिकेच्या वेळी वर जात, आणि मग साथीला घाबरून पुन्हा खाली येत. बाळाबाई मधोमध बसून हुकूम सोडी. कुणाच्या पोराला खोकला झाला तर तिला विचारत, कुणाची डाळ शिजत नसली तर तिला विचारत. हौसेरावांनी सहा वर्षांत सोसायटीची एक सभा धड भरवली नव्हती. इथे म्हातारीने हाक मारली की अकरा घरं ताट घेऊन उभी राहत. त्यांना याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोडं वाईटही वाटलं. त्यात तिसऱ्या नोटिशीखाली कुणीतरी बॉलपेनने 'सेक्रेटरी सोडून' असं लिहून ठेवलं होतं. अक्षर धुमाळांचं आहे हे त्यांनी ओळखलं, पण पदाची शान राखून ते गप्प बसले.

चौथ्या दिवशी प्लॉटची देखरेख करणारा एक खाकीतला माणूस सायकलवरून आला आणि ताडपत्रीकडे बघून त्याचे डोळे मोठे झाले.

"झोपडपट्टी टाकली काय?"

"छे हो! आम्ही फ्लॅटवाले आहोत," हौसेराव दुखावून म्हणाले. "साथ आहे म्हणून..."

"साथ हाय तर साथीचा कागद दाखवा. नसेल तर परवापर्यंत प्लॉट खाली. न्हाईतर आमची गाडी येईल."

म्हणजे परवा ताडपत्री जाणार, आणि मेलेला उंदीर पडलेल्या घरात बाळाबाई पाय ठेवणार नाही, ती थेट पाटणला जाणार. हौसेरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते जनावर उंदीर नाहीच असं कुणी लिहून दिलं तर? पुरावा त्यांच्याकडे होता. नोटीस क्रमांक दोन त्यांनी स्वतः पाळली होती. हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून त्यांनी ते ध्यान रॉकेलमध्ये बुडवून, बरणीत घट्ट बंद करून ठेवलं होतं. बरणी आईने गावाहून लिंबाचं लोणचं भरून आणलेली होती. लोणचं कुठे गेलं हे सरोजिनीने विचारलं नाही, आणि बरणी कुठे गेली हे बाळाबाईला कुणी सांगितलं नाही.

सकाळी बरणी पिशवीत घालून ते वॉर्डाच्या कचेरीत गेले. तिथे दोन खिडक्या होत्या, एक कीटकांची आणि एक उंदरांची. उंदरांच्या खिडकीतल्या बाबूने बरणी उजेडात धरली.

"हा आमचा उंदीर वाटत नाही. नाक बघा."

"तेच तर म्हणतो. तसं लिहून द्या."

"आम्ही उंदीर असल्याचं लिहून देतो. नसल्याचं लिहायला फॉर्म नाही. आणि प्लेगचं म्हणाल तर तो पिसवांमुळे होतो. पिसू म्हणजे कीटक. शेजारच्या खिडकीत विचारा."

शेजारच्या खिडकीतला बाबू डबा उघडत होता. त्याने बरणी पाहून डबा बंद केला. "पिसू उंदराच्या अंगावर असेपर्यंत त्यांच्या खात्याची. उडी मारून जमिनीवर आली की आमची. यात आहे का उडी मारलेली?"

"सगळं रॉकेलमध्ये आहे."

"मग रॉकेलचं रेशनिंगला विचारा," असं म्हणून त्याने डबा पुन्हा उघडला.

तिथून हौसेराव जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या कंपाउंडरने रजिस्टर उघडलं. त्यात गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी आणि इतर असे रकाने होते. 'इतर'मध्ये नोंद करायची तर मालकाचं नाव लागतं, असं त्याने सांगितलं. हौसेरावांनी छातीवर दगड ठेवून स्वतःचं नाव दिलं. "दुभती आहे का?" कंपाउंडरने पुढचा प्रश्न वाचला. हौसेरावांनी बरणी उचलली आणि बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसले. शेजारी एक बकरी बसली होती. तिच्याकडे केसपेपर होता.

शेवटी त्या बकरीच्या मालकानेच वाट दाखवली. "वाशीच्या कॉलेजात एक मॅडम हायेत, किडेमुंग्यांवाल्या. माझी पोरगी त्यांच्याकडं शिकते. माणूस लय चांगला."

प्राध्यापिका राजलक्ष्मी खरोखरच चांगल्या होत्या. त्यांनी चिमट्याने मूर्ती बाहेर काढली, ट्रेमध्ये ठेवली आणि भिंगातून पाच मिनिटं बघत राहिल्या. पाच मिनिटं हौसेरावांनी श्वास घेतला नाही.

"ही चिचुंद्री आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी पाहिली नाही?"

हौसेरावांनी हे नाव आजवर फक्त माणसांना ठेवलं होतं. "म्हणजे उंदराचीच जात ना?"

"अजिबात नाही. उंदीर कुरतडणारा. त्याचा गण कृंतक. ही किडे खाणारी, हिचा गण कीटकभक्षी. झुरळं खाते बिचारी."

"लांबचं नातंसुद्धा नाही? भाऊबंदकी?"

"तुमच्या-माझ्यात जितकी, तितकीच." मग मॅडमना शिकवण्याची लहर आली. त्यांनी हौसेरावांना कोरा कागद दिला आणि मधोमध रेघ मारायला लावली. "साथ पसरवते ती पिसू, तेव्हा डावीकडे पिसू लिहा, उजवीकडे चिचुंद्री. दोघींची तुलना करू, म्हणजे कुणाला शंका राहणार नाही. पिसू: संघ संधिपाद, वर्ग कीटक, पाय सहा, पंख नाहीत. चिचुंद्री: पाठीचा कणा आहे, वर्ग सस्तन, पाय चार, पिल्लांना दूध पाजते."

हौसेरावांना कंपाउंडरची आठवण झाली आणि त्याच्याबद्दल थोडा आदर वाटला.

"आता अधिवास, म्हणजे राहण्याची जागा. पिसू: प्राण्यांचं अंग, फटींतली धूळ, जमिनीवर अंथरलेल्या गाद्या, गोधड्या. चिचुंद्री: भिंतींच्या कडा, गटारं, विटांचे ढीग, माजलेलं गवत, मोकळे प्लॉट."

हौसेरावांचं पेन थांबलं. "मोकळे प्लॉट?"

"तेच तिचं घर. इमारतीत चुकून येते, आणि आली तरी तळमजल्यावर. तुमची ही तिसऱ्या मजल्यावर मांजराने नेलेली. मानेवर दात दिसतायत बघा. मांजर हिला मारतं, पण वासामुळे खात नाही, टाकून देतं. अंगावर पिसू एकही नाही. साथीबिथीचा काही संबंध नाही." त्या थोडं थांबल्या. "तुम्हाला वास नाही आला? हिचा वास फार उग्र असतो."

"मी कापूर बांधला होता," हौसेराव म्हणाले. "नोटीसच होती तशी."

मॅडमनी खाली सही केली आणि हौसेरावांच्या आग्रहावरून विभागाचा गोल शिक्काही मारला. हौसेराव तो कागद शर्टाच्या आत छातीशी धरून घरी परतले. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपण सेक्रेटरी असल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी प्लॉटवर सगळे जमले होते. हौसेराव धुमाळांच्या खाटेवर उभे राहिले आणि त्यांनी कागद मोठ्याने वाचला. संघ, वर्ग आणि पायांची संख्या लोकांनी कौतुकाने ऐकली. 'कोणत्याही साथीशी संबंध नाही' याला टाळ्या पडल्या. मग ते अधिवासावर आले. जमिनीवर अंथरलेल्या गाद्या, माजलेलं गवत, विटांचे ढीग, मोकळे प्लॉट. एकेकाने हळूच पाय वर घेतले.

"म्हणजे आपण तिला भिऊन तिच्याच घरी राहायला आलो?" अय्युबभाईंनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"टेन्शन नाय घ्यायचं," धुमाळ म्हणाले. "पण समजा..." आणि वाक्य पुरं होण्याआधी त्यांनी हौसेरावांना खाली उतरवून खाट मिटली. पंधरा मिनिटांत अकरा कुटुंबांनी अकरा संसार उचलले. अय्युबभाई हसत हसत ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागले.

बाळाबाई चुलीपुढून हलली नव्हती. हौसेराव तिच्याशेजारी उकिडवे बसले. "आई, उंदीर नव्हता बघ. चिचुंद्री होती. शिक्क्याचा कागद आणलाय."

"ठावं हाय मला."

"आत्ता वाचला ना मी."

"तवाच ठावं होतं." बाळाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आरं, चिचुंद्रीचा वास मला कळायचा न्हाई व्हय? जिन्यात घमघमाट सुटला हुता. नाकाला पदर कशाला लावला मी?"

वॉर्डाच्या दोन खिडक्या, दवाखान्याचं रजिस्टर आणि बकरीचा केसपेपर हौसेरावांच्या डोळ्यांपुढून सरकून गेला. "मग उंदीर पडला म्हणून का ओरडलीस?"

"पंधरा दीस झालं मला यिऊन," म्हातारी सावकाश म्हणाली. "समोर तीन दारं. एकानं इचारलं न्हाई, म्हातारे, कवा आलीस. सून किंचाळली, तर कड्या आतनं लावल्या मेल्यांनी. म्हनलं, हितं ऱ्हायचं तर मानसं हायती का न्हाईती, एकदा बघावं. उंदीर पडला की मानसं भाईर येत्यात, येवढं मला म्हाईत. आली. न्हाई आली आसती तर पाटणची गाडी हुतीच."

दिवसभराची वणवण, अपमान, रॉकेलचा वास, सगळं एका क्षणात पार निघून गेलं. खोटं सांगितल्याबद्दल आईला रागवावं असं हौसेरावांच्या मनात येऊन गेलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मग आता?"

बाळाबाईने उलथन्याने चुलीशेजारची जमीन उकरली. वरचा विटांचा चुरा बाजूला सारला आणि खालची काळी, ओलसर माती पदरात घेतली. चार ओंजळी झाल्यावर बोटांत चोळून पाहिली आणि मान हलवली.

"चल वर. घटाला येवढी पुरंल," ती म्हणाली. "आन् माजी लोणच्याची बरनी कुठाय, त्ये बी सांग."

घट तिसऱ्या मजल्यावर बसला. त्या खोलीतून सायकल निघाली, गव्हाचा डबा निघाला, आणि पत्रावळीवरच्या प्लॉटच्या मातीतून चौथ्याच दिवशी हिरवे कोंब वर आले. समोरची तिन्ही दारं आता दिवसभर उघडी असतात, कारण बाळाबाई मिटलेलं दार दिसलं की काठीने वाजवते. जैनब दुपारची भाकरीचं पीठ घेऊन वरच येऊन बसते. सरोजिनीने मॅडमच्या हातचा तो दाखला काचेत बसवून भिंतीला लावलाय.

सातव्या माळेच्या संध्याकाळी आरती चालू असताना उघड्या दारातून चीं चीं असा आवाज आला. लांब नाकाचं एक करडं जनावर भिंतीच्या कडेकडेने, कुणाचीही परवानगी न घेता, थेट घटाच्या दिशेने निघालं. हौसेराव हातातल्या घंटेसह खुर्चीवर चढले.

"आई, चिचुंद्री! अगं पण ही इथं कशी? ही तिसऱ्या मजल्यावर येतच नाही, कागदावर तिसरा मजला कुठेच नाही!"

"येती की," बाळाबाई टाळ्या न थांबवता म्हणाली. "तिची माती वर आली, तिच्यामागनं ती आली. मी न्हाई का आले? उतर खाली, आरती म्हन."

हौसेराव उतरले आणि पाय जरा आवरून धरत त्यांनी आरती पुरी केली. प्रसाद वाटून झाल्यावर त्यांनी दाखल्याची काच काढली, खिशातलं पेन घेतलं, आणि उजव्या बाजूच्या अधिवासाच्या रकान्यात, मोकळ्या प्लॉटच्या खाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तसेच तिसरा मजला'. मग त्याखाली सवयीने 'हुकमावरून' असं लिहून दोन रेघा मारल्या. या खेपेस हुकूम कुणाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.